संख्यारेषेवर ०.३५ नेमके कुठे लावायचे? पाचवीच्या वर्गातील अडचण

प्रश्न : पाचवीची वर्गशिक्षिका

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला गणित शिकवते. दशांश अपूर्णांकांची ओळख करून देऊन तीन आठवडे झाले आहेत. स्थानिक किमतीचा तक्ता, वाचन, लेखन आणि रुपये-पैशांची उदाहरणे बहुतेक मुलांना जमतात. ३.४७ या संख्येत ४ ची स्थानिक किंमत किती, असे विचारले की निम्म्याहून अधिक हात वर येतात आणि उत्तरही बरोबर मिळते. अडचण सुरू झाली ती संख्यारेषेपाशी.

परवा मी फळ्यावर ० ते १ अशी रेषा काढून तिचे दहा समान भाग केले. ०.४ दाखवणे सर्वांना जमले. त्यानंतर ०.३५ दाखवायला सांगितले, तेव्हा एका मुलीने ती संख्या ०.४ च्या बरीच पुढे, जवळजवळ १ च्या पलीकडे लावली, कारण तिच्या मते पस्तीस हे चारापेक्षा मोठे आहेत. दुसऱ्या मुलाने ०.०७ आणि ०.७ एकाच खुणेवर लावले, कारण शून्याला काही किंमत नसते असे तो समजत होता. तिसऱ्याने ०.९ नंतर ०.१०, ०.११, ०.१२ असे लिहीत नेले आणि वर्गातील कोणालाही त्यात चूक दिसली नाही. मला सर्वांत अधिक विचारात पाडले ते एका अबोल मुलाने. त्याने ०.४ ही संख्या ०.८५ पेक्षा मोठी ठरवली आणि कारण विचारल्यावर तो म्हणाला, "दशांश शतांशापेक्षा मोठा असतो ना, बाई." हे वाक्य माझेच होते. मी ते एका भागाबद्दल सांगितले होते आणि त्याने ते संपूर्ण संख्येला लावले.

माझे प्रश्न दोन आहेत. दशांश पूर्ण पक्के झाल्याशिवाय शतांश संख्यारेषेवर आणूच नयेत, की दोन्ही एकमेकांच्या आधाराने शिकवावेत? आणि शंभर भागांची रेषा फळ्यावर काढणे शक्य नसताना प्रत्येक मुलाच्या हातात काय द्यावे? शाळेत साहित्य बेताचेच आहे. वर्गात एक मीटर टेप, पट्ट्या आणि शंभर मण्यांची एक माळ एवढेच आहे.

---

उत्तर १ : बहुवर्ग शाळेतील शिक्षक

ताई, आपण नोंदवलेल्या चारही चुका वेगवेगळ्या दिसत असल्या, तरी माझ्या अनुभवानुसार त्यांचे मूळ एकच आहे. मुले संख्यारेषेवरील खुणांकडे पाहतात, खुणांमधील अंतराकडे पाहत नाहीत. त्यांच्या दृष्टीने ०.४ हे एका रेघेचे नाव असते. शून्यापासून तिथपर्यंतची लांबी म्हणजे ०.४, हे त्यांच्या मनात आलेलेच नसते. लांबी मनात असली तर पस्तीस मोठे की चार मोठे हा प्रश्न उरत नाही, कारण मग पस्तीस कशाचे आणि चार कशाचे, हे आधी विचारावे लागते.

म्हणून मी पहिल्या दिवशी तयार रेषा देत नाही. प्रत्येक मुलाला साधारण १२ सेंटिमीटर लांबीची कोऱ्या कागदाची पट्टी देतो. या पट्टीची लांबी १ मानायची आणि तिचे दहा समान भाग करायचे. घडी घालून दहा भाग होत नाहीत, हे मुलांना थोड्याच वेळात कळते. त्यासाठी एकरेघी वही उपयोगी पडते. वहीतील कोणतीही एक रेघ शून्य माना, तिथून खाली दहावी रेघ शोधा आणि पट्टी तिरपी ठेवा, म्हणजे तिच्या कडेचे एक टोक शून्याच्या रेघेवर आणि दुसरे टोक दहाव्या रेघेवर येईल. मधल्या नऊ रेघा त्या कडेला जिथे छेदतात, तिथे खुणा करायच्या. वहीच्या रेघा समांतर आणि समान अंतरावर असल्यामुळे पट्टीचे भागही समान होतात. १२ ऐवजी १४ सेंटिमीटरची पट्टी घेतली तरी ती थोडी अधिक तिरपी ठेवून तेच करता येते. १ ही लांबी कितीही मोठी असू शकते आणि तिचा दशांश त्या लांबीवर ठरतो, ही गोष्ट इथे मुले स्वतःच्या हाताने अनुभवतात. दहा भागांसाठी आतल्या खुणा नऊच लागतात, हेही इथेच लक्षात आणून द्यावे, कारण दहा खुणा करून अकरा भाग पाडणारी मुले प्रत्येक वर्गात असतात.

शतांशासाठी आलेख कागद घ्यावा. त्याच्या १० सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्या कापल्या की १ सेंटिमीटरचा ठळक घर दशांश होतो आणि त्यातील १ मिलिमीटरचे बारीक घर शतांश होते. शंभर भाग आधीच छापलेले असतात. हेच काम मोजपट्टीवर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोजपट्टीवर ३ छापलेले असते आणि आपण मुलाला तिथे ०.३ म्हणायला सांगतो, त्यामुळे नवा गोंधळ तयार होतो. आलेख कागदावर आकडेच नसतात, ते मुलाने स्वतः लिहायचे असतात.

आता ०.३५. मुलाने शून्यापासून बोट सरकवत तीन मोठी घरे ओलांडायची आणि चौथ्या मोठ्या घरात शिरून पाच बारीक घरे पुढे जायचे. नंतर पुन्हा शून्यावर येऊन पस्तीस बारीक घरे मोजायची. दोन्ही वेळा बोट एकाच ठिकाणी थांबते. तीन दशांश आणि पाच शतांश म्हणजेच पस्तीस शतांश, हे तक्त्यात शंभर वेळा लिहून जे पक्के होत नाही ते इथे होते. ०.०७ साठी पहिल्या मोठ्या घराच्या बाहेर पडायचेच नाही, कारण दशांश एकही नाही. दशांशाच्या जागेवरील शून्य हेच सांगत असते, ही बाब त्या मुलाला बोट ठेवूनच कळेल.

०.९ नंतर ०.१० लिहिणाऱ्या मुलाची मोजणी बरोबर आहे आणि लेखन चुकले आहे, हे मी त्याला आवर्जून सांगतो. नऊ दशांशांनंतर दहा दशांशच येतात. परंतु दहा दशांश झाले की पट्टी संपते, म्हणजे एक पूर्ण होतो आणि तो १.० असा लिहितात. ०.१० म्हणजे दहा शतांश, आणि पट्टीवर दहा बारीक घरे मोजली की आपण ०.१ वर उभे असतो. एकाच जागेची ही दोन नावे आहेत.

फळ्यासाठी मी भिंगाची कल्पना वापरतो. वर दशांशांची रेषा काढायची, ०.३ आणि ०.४ या दोन खुणांपासून खाली दोन तिरप्या रेघा पसरवत न्यायच्या आणि त्यांच्या टोकांमध्ये दुसरी लांब रेषा काढायची. तिच्या टोकांना ०.३० आणि ०.४० अशी नावे देऊन मधल्या जागेचे पुन्हा दहा भाग करायचे. फळ्यावर शंभर खुणा काढण्याची गरजच पडत नाही. शतांश किती उपयोगाचा आहे हे दाखवण्यासाठी मी एक उदाहरण नेहमी घेतो. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा यांची वेळ ५५.४२ सेकंद होती, तर कांस्यपदक मिळवणाऱ्या धावपटूची ५५.४१ सेकंद. केवळ दशांशांच्या रेषेवर या दोघी ५५.४ पासून जेमतेम सुटतात आणि एकमेकींपासून वेगळ्या दाखवताच येत नाहीत. ५५.४ आणि ५५.५ यांच्यावर भिंग धरले की पहिल्या आणि दुसऱ्या खुणेमधले एक घर दिसते, आणि पदक त्या एका घराने गेले हे मुलांना कळते.

मण्यांची माळ वापरताना एक काळजी घ्यावी. संपूर्ण माळ १ मानली, तर ०.३ दाखवताना तीस मण्यांच्या नंतरच्या फटीत चिमटा लावायचा, तिसाव्या मण्यावर नव्हे. मण्यावर चिमटा लावला की मुले पुन्हा लांबी सोडून वस्तू मोजू लागतात.

---

उत्तर २ : निवृत्त गणित शिक्षक

वरील शिक्षकांनी साहित्याविषयी जे लिहिले आहे, ते मला पूर्ण मान्य आहे. मी भाषेविषयी थोडे लिहितो, कारण आपल्या त्या अबोल मुलाच्या उत्तरात भाषेचाही वाटा आहे, असे मला वाटते.

मराठीत 'दशांश' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. एका पूर्णाचा दहावा भाग तो दशांश, आणि ०.३५ सारखी संपूर्ण संख्या तीही 'दशांश अपूर्णांक'. शिक्षकाला हा फरक संदर्भावरून कळतो, दहा वर्षांच्या मुलाला तो कळेलच असे नाही. मी वर्गात एक शिस्त पाळत असे. दहाव्या भागाबद्दल बोलताना 'एक दशांश भाग' असे म्हणायचे, संख्येच्या प्रकाराबद्दल बोलताना 'दशांश अपूर्णांक' हे दोन्ही शब्द पूर्ण उच्चारायचे, आणि नुसता 'दशांश' असा शब्द पहिले काही महिने तोंडातून येऊ द्यायचा नाही. 'एक दशांश भाग हा एक शतांश भागापेक्षा मोठा असतो' या वाक्यातील 'एक' हा शब्द गाळला, म्हणून ०.४ हे ०.८५ पेक्षा मोठे झाले.

वाचनाचेही तसेच आहे. 'शून्य पॉइंट पस्तीस' असे वाचले की मुलाच्या कानावर पस्तीस ही पूर्ण संख्याच पडते आणि मग ती चारापेक्षा मोठी वाटणे स्वाभाविक आहे. संख्यारेषेचे काम चालू असेपर्यंत 'पस्तीस शतांश' किंवा 'तीन दशांश, पाच शतांश' असेच वाचून घ्यावे. व्यवहारातील 'पॉइंट' हा शब्द मुले पुढे आपोआप वापरतात. त्याची घाई नको. आणखी एक शंका मुले विचारतात: एकक, दशक, शतक यांच्या दुसऱ्या बाजूला दशांश, शतांश आहेत, तर 'एकांश' कुठे आहे? हा प्रश्न चांगला आहे. मुले दशांश चिन्हाला मध्य समजतात. खरा मध्य एकक आहे. त्याच्या एका बाजूला दहापट होत जाते आणि दुसऱ्या बाजूला दहावा भाग होत जातो.

आपल्या पहिल्या प्रश्नाबद्दल माझे मत असे आहे की शतांश स्वतंत्र प्रकरण म्हणून आणू नयेत. त्यांची गरज संख्यारेषेवरच निर्माण होऊ द्यावी, आणि ती निर्माण करायला मराठीतील 'पाव' हा शब्द पुरेसा आहे. मुलांना दशांशांच्या रेषेवर अर्धा दाखवायला सांगा. ते ०.५ ची खूण लगेच दाखवतील. मग पाव दाखवायला सांगा. पाव म्हणजे अर्ध्याचा अर्धा, हे त्यांना माहीत असते, म्हणून ते ०.५ चा मध्य शोधतात आणि तो ०.२ आणि ०.३ यांच्या बरोबर मधे येतो. तिथे खूणच नसते. दोन दशांश म्हटले तर कमी पडते, तीन म्हटले तर जास्त होते. या जागेला नाव काय द्यायचे, असे वर्गाला विचारून थोडा वेळ शांत राहावे. आपण एकाचे दहा भाग केले तसे या घराचेही दहा करू या, असे कोणीतरी म्हणतेच. त्या क्षणी शतांश आले. दोन मोठी घरे आणि पाच बारीक घरे, म्हणून पाव म्हणजे ०.२५. पाऊण त्याच रीतीने ०.७५ वर येतो. भाजीवाल्याच्या डिजिटल काट्यावर पाव किलोसाठी ०.२५० दिसते, हे एखादे मूल सांगेल. शेवटच्या शून्याने जागा बदलत नाही, हे तेव्हाच दाखवून द्यावे.

आमच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे पाढे पाठ केले. ती पाठांतरे आता नाहीत आणि ती परत आणावीत असे मी म्हणत नाही, मात्र ते शब्द घरात अजून जिवंत आहेत आणि त्यांच्यात संख्यारेषेवरची हालचाल आहे. सव्वादोन म्हणजे दोनाच्या पुढे पाव, २.२५. पावणेदोन म्हणजे दोनापर्यंत जायचे आणि पाव मागे यायचे, १.७५. 'पावणेदोन' ऐकून २ च्या पुढे जाणारे मूल असते, आणि त्याला मागे वळायला शिकवण्यासाठी रेषेइतके चांगले साधन नाही.

रुपये-पैशांच्या उदाहरणांवर मात्र फार भिस्त ठेवू नये. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होते. त्या बदलानंतर कित्येक वर्षे सुट्टे पैसे मुलांच्या हातात असत आणि शतांश शिकवायला त्यांचा खरोखर उपयोग होत असे. २०११ च्या जूनअखेर पंचवीस पैसे आणि त्याखालील नाणी चलनातून गेली. आजच्या पाचवीतील मुलाने दहा पैसे हातात घेतलेले नाहीत. शिवाय ५ रुपये ३५ पैसे असे म्हणताना तो दोन वेगळ्या पूर्ण संख्या वाचतो. मधले चिन्ह त्याच्यासाठी केवळ दोन डब्यांमधली भिंत असते. आपल्या वर्गाला रुपये-पैसे जमतात आणि संख्यारेषा जमत नाही, याचे हेही एक कारण असावे.

---

उत्तर ३ : दूध संकलन केंद्र चालवणारे पालक

मी शिक्षक नाही. माझी मुलगी पाचवीत आहे, म्हणून हा विषय वाचत होतो. आमच्याकडे रोज सकाळ-संध्याकाळ दशांश अपूर्णांकांवरच पैसे ठरतात, म्हणून लिहावेसे वाटले. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट (स्निग्धांश) आणि ८.५ एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले इतर घन घटक) धरून काढला जातो. फॅट ३.४ लागली तर शेतकरी "एक पॉइंट कमी लागला" असे म्हणतो, म्हणजे एक दशांश. दूध घालायला येणाऱ्या मुलांना हे सारे तोंडपाठ असते, परंतु शाळेत शिकतो ते हेच, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

बाईंनी ०.०७ आणि ०.७ एका खुणेवर लावणाऱ्या मुलाबद्दल लिहिले आहे. आमच्याकडे ४ लिटर ५० मिलिलिटर दूध ४.०५ असे लिहितात आणि साडेचार लिटर ४.५ असे. नवीन मुलगा वहीत नोंद करायला बसला आणि त्याने मधले शून्य गाळले, तर जवळजवळ अर्ध्या लिटरचा फरक पडतो आणि तो कोणाच्या तरी खिशातून जातो. ज्या गावात दूध संकलन होते, तिथल्या वर्गात हे उदाहरण द्यावे, असे सुचवतो. मुले घरून आठवड्याभराच्या पावत्या आणू शकतील आणि ३ ते ४ अशी रेषा काढून त्यावर रोजची फॅट लावता येईल.

---

उत्तर ४ : शिष्यवृत्ती वर्ग घेणारे शिक्षक

एवढा खटाटोप करण्याची आवश्यकता आहे का, अशी मला शंका आहे. तुलना करायची असेल तर दशांश चिन्हानंतरचे अंक शून्य जोडून समान करावेत, म्हणजे ०.४ चे ०.४० होते आणि ४० हे ३५ पेक्षा मोठे आहेत हे कोणत्याही मुलाला कळते. परीक्षेत वेळ कमी असतो आणि ही रीत कधीही चुकत नाही.

---

उत्तर १ मधील शिक्षकांचे प्रत्युत्तर

सर, रीत बरोबर आहे आणि मीही ती शिकवतो, मात्र पट्टीचे काम झाल्यानंतर. शून्य जोडल्याने संख्या का बदलत नाही, हे मुलाला पट्टीवरच दिसते. त्याआधी ही रीत दिली तर तो चिन्ह झाकून चाळीस आणि पस्तीस या पूर्ण संख्यांची तुलना करतो आणि त्याचा मूळ गैरसमज तसाच राहतो. आपल्या वर्गातील ज्या मुलांची तुलना कधीच चुकत नाही, त्यांना ०.३ आणि ०.४ यांच्यामध्ये एखादी संख्या आहे का, असे विचारून पाहावे. अनेक जण 'नाही' म्हणतील, कारण तीन आणि चार यांच्यामध्ये पूर्ण संख्या नसते.

---

प्रश्नकर्त्या शिक्षिकेचे उत्तर, बारा दिवसांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. आपण सुचवलेले बरेचसे करून पाहिले, म्हणून लिहीत आहे.

पावाने सुरुवात केली. खूण नसलेल्या जागेपाशी वर्ग खरोखरच थांबला. एका मुलीने तिथे 'अडीच दशांश' असे नाव दिले. मी ते फळ्यावर तसेच लिहून ठेवले, कारण ते चुकीचे नव्हते. घराचे दहा भाग करण्याची सूचना दुसऱ्या तासाला आली, पहिल्या तासाला नाही. मला उत्तर सांगून टाकण्याचा मोह फार झाला होता, तो आवरला हे बरे झाले.

आलेख कागदाच्या पट्ट्यांवर त्या अबोल मुलाने ०.४ पर्यंत आणि ०.८५ पर्यंत दोन वेगळ्या रंगांनी पट्टी रंगवली आणि बराच वेळ ती पाहत राहिला. नंतर तो म्हणाला, "एक घर मोठे आहे, पण ती चारच आहेत." त्याला आणखी काही समजावण्याची गरज उरली नाही.

मीटर टेपवरून मी भिंतीवर ० ते २ मीटर अशी उभी संख्यारेषा काढली आणि प्रत्येकाने आपल्या उंचीची चिठ्ठी लावली. एका मुलाच्या धाकट्या बहिणीची उंची १ मीटर ५ सेंटिमीटर भरली आणि त्याने चिठ्ठीवर १.५ लिहून ती तिथे लावली. ती चिठ्ठी वर्गातील सर्वांत उंच मुलाच्या डोक्याच्याही वर गेली. चूक मला दाखवावी लागली नाही. वर्गानेच ती खाली आणली आणि १.०५ असे लिहिले. सेंटिमीटर हा मीटरचा शतांश आहे, ही गोष्ट त्या दिवशी बऱ्याच जणांच्या लक्षात आली.

एक अडचण शिल्लक आहे. दोन मुले अजूनही भिंगाची रेषा काढताना मधे दहा खुणा करतात. वहीच्या रेघांवर त्यांचे काम बरोबर येते, स्वतः रेषा काढली की चुकते. त्यांच्यासाठी काय करावे?

---

उत्तर १ मधील शिक्षक

त्या दोघांना काही दिवस खुणा करूच देऊ नका. दोन रंगांचे खडू देऊन ०.३० पासून ०.४० पर्यंतची जागा एक घर पिवळे, एक घर निळे अशी रंगवायला सांगा आणि प्रत्येक घराच्या आत १ ते १० असे लिहून घ्या. घर जिथे संपते, तिथे त्या लांबीचे नाव लिहायचे: पहिले घर संपते तिथे ०.३१, नववे संपते तिथे ०.३९. दहाव्या घराच्या शेवटी ०.४० आधीच लिहिलेले असते, त्यामुळे तिथे नवी खूण करायला जागा राहत नाही.